खरखरीचे कूळ

जुन्या टू-इन-वनचे, म्हणजे रेडिओ-कॅसेट संचाचे, आवाजाचे बटण फिरवताना खरखर झाली की दुकानातला निकाल एका वाक्यात लागतो: कंट्रोल गेला, बदलून टाका. बऱ्याचदा हा निकाल घाईचा असतो. कंट्रोल गेलेला नसतो. ज्या अटीवर तो नीट चालतो ती अट कुठेतरी मोडलेली असते. ती अट कोणती, हे कळण्यासाठी त्याचे कूळ थोडे मागे जाऊन पाहावे लागते. हा शोध नुसत्या हौसेचा नाही. दुरुस्तीला आधी हातात काय घ्यायचे, स्प्रेचा डबा की मल्टिमीटर, हे त्यावरच ठरते.

१८४१ साली योहान ख्रिश्चन पोगेनडॉर्फ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञापुढे प्रश्न होता तो विद्युतघटाचा खरा दाब मोजण्याचा. घटातून प्रवाह काढला की त्याचा दाब पडतो, म्हणजे मोजायला जावे तर मोजायची वस्तूच बदलते. त्याने तोड काढली. दुसऱ्या घटाच्या मंडलातून हवा तेवढा दाब वेगळा काढायचा, मोजायच्या घटासमोर तो उलटा उभा करायचा आणि दोन्ही तंतोतंत जुळून गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला की आकडा टिपायचा. पुढच्या लोकांनी या पद्धतीला ताणलेली तार आणि तिच्यावर सरकणारा स्पर्श जोडला. खरी खुबी त्या शून्यात आहे. काटा शून्यावर असतो तेव्हा सरकत्या स्पर्शातून प्रवाह वाहतच नाही. मग तो स्पर्श थोडा मळलेला असला, थोडा सैल असला, तरी मोजमाप बिघडत नाही. दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टनने ऱ्होस्टॅटचे वर्णन प्रसिद्ध केले. तिथे कारभार उलटा. मंडलातला सगळा प्रवाह स्पर्शातूनच जातो, त्यामुळे स्पर्श खराब झाला की सगळेच खराब. ही दोन उपकरणे बाहेरून सख्खी भावंडे दिसतात, पण त्यांचे कूळ एक नाही. टू-इन-वनमधल्या कंट्रोलला तीन पाय असतात: दोन रोधाच्या पट्टीच्या दोन टोकांना, मधला सरकत्या स्पर्शाला. तो पोगेनडॉर्फच्या घरातला आहे.

रेडिओने सुरुवात मात्र दुसऱ्या घरातून केली. १९२०च्या दशकातल्या बॅटरीवरच्या संचांत आवाज कमी करायचा म्हणजे व्हॉल्व्हच्या तापतंतूचा प्रवाह ऱ्होस्टॅटने कमी करायचा. अमेरिकेतल्या ॲलन-ब्रॅडली कंपनीचा ‘ब्रॅडलीस्टॅट’ याच कामाचा, आणि त्याची रचना बोलकी आहे: घासणारा स्पर्शच नको म्हणून त्यात ग्रॅफाइटच्या चकत्यांची चळत स्क्रूने कमीजास्त दाबली जाई. प्रवाह वाहून नेणारा स्पर्श सरकवला तर त्रास होणार, हे त्या काळच्या कारागिरांना ठाऊक होते. पुढे तापतंतूला हात लावणे थांबले आणि आवाजाच्या संकेताचाच हवा तेवढा हिस्सा कापून पुढच्या पायरीला देण्याची रीत आली. हिस्सा कापायला तीन पायांचा विभाजक लागतो. तारेच्या वेटोळ्यांऐवजी बॅकेलाइटच्या तबकडीवर कार्बन आणि राळेच्या मिश्रणाची पट्टी चढवली की तो स्वस्तात, हजारोंनी बनतो. त्यात कानाची एक अडचण होती. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती कितीतरी पटींनी वाढावी लागते. संवेदनेच्या या लघुगणकी चालीची मांडणी गुस्ताव फेशनरने १८६०मध्येच केली होती. म्हणून आवाजाच्या कंट्रोलची पट्टी सरळ चढत नाही. बटण अर्ध्यावर असते तेव्हा एकूण रोधाचे साधारण दहा ते पंधरा टक्केच ओलांडलेले असतात. असा वळसा हवा तर पट्टीवर कमी आणि जास्त रोधाची मिश्रणे एकापुढे एक चढवावी लागतात. स्टीरिओ म्हटले की असे दोन कंट्रोल एकाच दांड्यावर. दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत, त्यामुळे अगदी हळू आवाजात डावा-उजवा तोल थोडा ढळतो. हा दोष कारखान्यातूनच येतो. त्यासाठी कितीही स्प्रे मारला तरी पैसे वाया.

कॅसेट फिलिप्सने १९६३मध्ये बाजारात आणली. १९८०च्या सुमाराला शार्प, जेव्हीसी, नॅशनल पॅनासोनिक यांचे दोन स्पीकरचे अवजड संच आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून आपल्याकडे येत होते. १९८३मध्ये गुलशनकुमारांची सुपर कॅसेट्स निघाली. स्वस्त कॅसेटने लहानमोठ्या बोलींच्या गाण्यांना बाजार मिळवून दिला. पीटर मॅन्युएलच्या १९९३मधल्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकाचा तोच विषय आहे. हे संच कसल्या हवेत वाजले, हे कळायला पलसाणा पाहा. सुरत जिल्ह्यातला हा तालुका मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. त्यातल्याच कडोदऱ्यावरून बारडोली, व्यारा, नवापूरमार्गे धुळ्याचा रस्ता जातो, आणि त्याच वाटेने व तापी खोऱ्यातल्या रेल्वेने आलेल्या खानदेशी माणसांनी सुरतेचे उधना-लिंबायत भरले आहे. पलसाणा-कडोदरा पट्ट्यात कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या आहेत. बॉयलरची वाफ, कोळशाची काजळी, धाग्यांची उडती लव आणि वर पावसाळ्याचा दमटपणा. कार्बनच्या पट्टीला याहून वाईट सासर मिळणार नाही. त्या काळच्या अनेक संचांत आवाजाचा कंट्रोल वरखाली सरकवायच्या खिट्टीचा असे, आणि तिच्यासाठी वरच्या पत्र्यात ठेवलेली फट धुळीला उघडे दार होती.

इथे आक्षेप येणारच: मग खरखर धुळीची, आणि कुळाची गोष्ट कशाला? धूळ आहे, यात वाद नाही. कंट्रोल उघडला तर दिसते ते असे: पट्टीवर स्पर्शाच्या बोटांनी पाडलेल्या दोन-तीन चकचकीत रेघा, रेघांच्या कडेला काळी भुकटी आणि दांड्याच्या बुडाशी वाळून मेणासारखे झालेले ग्रीस. भुकटीवर बोट चढले की क्षणभर संपर्क तुटतो. पण संपर्क तुटण्याचा आवाज केवढा होईल, हे त्या क्षणी स्पर्शातून आणि पट्टीतून काय वाहत आहे यावर अवलंबून असते. फक्त गाण्याचा संकेत असेल तर हलकीशी खुडबुड होते, कित्येकदा ऐकूही येत नाही. त्यासोबत एकदिश प्रवाह गळत असेल, तर प्रत्येक तुटण्याला दाबाची उडी बसते आणि पुढचा अ‍ॅम्प्लिफायर ती शेकडो पट करून स्पीकरवर फेकतो. हा गळणारा प्रवाह येतो शेजारच्या कंडेन्सरमधून. आधीच्या पायरीचा एकदिश दाब अडवून फक्त संकेत पुढे सोडायला कंट्रोलच्या आधी आणि नंतर एकेक छोटा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बसवलेला असतो. चाळीस वर्षांनी तो सुकतो, गळू लागतो. म्हणजे पोगेनडॉर्फने ज्या शून्यावर सगळी पद्धत उभी केली, ते शून्यच जाते, आणि तीन पायांचा कंट्रोल नाइलाजाने ऱ्होस्टॅटचे काम करू लागतो.

याची परीक्षा सोपी आहे. संच चालू करावा, गाणे लावू नये, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून काळी तार पट्टीच्या जमिनीकडच्या पायावर आणि लाल तार आधी वरच्या, मग मधल्या पायावर टेकवावी. वरच्या पायावर ठळक दाब दिसला आणि बटण फिरवूनही तो हलला नाही तर बहुधा आधीचा कंडेन्सर दोषी. वरच्या आणि मधल्या पायावर सारखाच दाब आहे आणि बटण फिरवताना दोन्हीकडे तो हलतो, तर संशय नंतरच्यावर. कंडेन्सर बदलायला झाळण्याची दोन टोके आणि चहाच्या किमतीचा माल लागतो. काही स्वस्त संचांत हा नंतरचा कंडेन्सर मुळातच नसतो, कंपनीनेच वाचवलेला असतो. तिथे थोडी खरखर जन्मजात धरावी. दोन्ही जागी काटा शून्याजवळ असेल तरच दोष निव्वळ घर्षणाचा म्हणायचा आणि साफसफाईला लागायचे. हा क्रम सहसा उलटा पाळला जातो, म्हणून स्प्रे मारलेला कंट्रोल महिन्याभरात पुन्हा खरखरतो आणि दोष स्प्रेच्या माथी जातो.

स्प्रेवरही दोन शब्द बोलायला हवेत, कारण ‘काहीही मारा, चालते’ हा समज गिरणीच्या पट्ट्यात महागात पडतो. पेट्रोल आणि रॉकेल मळ काढतात, पण दांड्यातले ग्रीसही धुऊन नेतात. मग बटण सैल फिरते आणि बोटे पट्टी कोरडीच घासतात. गंज सोडवायचे तेल वर एक पातळ थर ठेवते आणि उडती लव त्यालाच येऊन चिकटते. कार्बनच्या पट्टीसाठी मळ सोडवून अगदी हलके वंगण ठेवणारा स्प्रेच हवा. संच बंद करून, सेल काढून तो थोडासाच सोडावा, बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावे आणि वाळल्याशिवाय संच चालू करू नये.

‘एवढा खटाटोप कशाला, नवा कंट्रोल बसवा’ हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि साध्या एकेरी कंट्रोलच्या बाबतीत मला मान्यही आहे. जुन्या पोर्टेबल स्टीरिओत मात्र कंट्रोल क्वचितच साधा असतो. एका दांड्यावर दोन पट्ट्या, काहींत सोबत चालू-बंदचा खटका, आणि पुष्कळांत पट्टीच्या मधूनच काढलेला चौथा पाय. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून दाखवले होते. ती कसर भरायला हा चौथा पाय ‘लाउडनेस’च्या मंडलाला जोडलेला असतो. बाजारात मिळणारा तीन पायांचा कंट्रोल बसवला की संच वाजतो, पण रात्री हळू लावलेल्या गाण्यातला ढोलक गायब होतो. त्यातून सरळ चढणीचा कंट्रोल हाती पडला तर बटण जरा हलताच आवाज दणकन चढतो. पट्टी खरोखरच झिजून खालची तबकडी उघडी पडली असेल, तर कुठलाही स्प्रे तिथे कार्बन परत आणत नाही. तेव्हा कंट्रोलच्या पत्र्याचे कान उलगडून बोटे केसभर वाकवावीत, म्हणजे ती जुन्या रेघेशेजारच्या कोऱ्या पट्टीवरून चालतात. तेही जमले नाही तर त्याच मॉडेलच्या मेलेल्या संचातून कंट्रोल काढावा.

शेवटचा आक्षेप असा की आताच्या ब्लूटूथ स्पीकरांनी हा प्रश्नच संपवला. ज्यांना गोल फिरत राहणारे बटण आहे, त्यांतल्या बहुतेकांत कार्बनची पट्टी नसते, पण सरकता स्पर्श असतोच: धातूच्या खाचांवरून जाणारी बोटे प्रत्येक खाच मोजतात आणि पुढचे काम चिप करते. खाचेत मळ बसला की मोजणी चुकते, आवाज वाढवावा तर आधी उतरतो, मग एकदम पाच पायऱ्या चढतो. तिथे मल्टिमीटर लावून गळका प्रवाह शोधण्यात अर्थ नाही, कारण मोजणीसाठी एकदिश दाब त्या स्पर्शावर मुद्दाम दिलेला असतो. तो प्रकार व्हीटस्टनच्या घरचा; त्याला उघडून साफच करावे लागते.