अंगठीतून निघणारी शाल

पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात तिच्या हाती लोकर आहे आणि चातीही आहे. ती सूत काढते, वस्त्रे विणते आणि विकते. तिच्या हातांचे फळ तिच्या पदरात पडावे, अशी अपेक्षा व्यक्त करून तो अध्याय संपतो. ही शेवटची अपेक्षा वाटते तितकी साधी नाही. उत्तर समुद्रातील एका द्वीपसमूहाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंडची सुमारे शंभर बेटे आहेत. त्यांतील अगदी उत्तरेकडचे वस्तीचे बेट म्हणजे अन्स्ट. जमीन नापीक, वारा सतत घोंघावणारा, झाडे जवळजवळ नाहीतच. अशा ठिकाणी लहान चणीची, काटक आणि अत्यंत मऊ लोकरीची मेंढी शतकानुशतके टिकून राहिली. आपल्याकडे धनगर बांधव घोंगडीसाठी मेंढ्या कातरतात. शेटलंडमध्ये मात्र उन्हाळ्याच्या आरंभी जुनी लोकर आपोआप सुटू लागली की ती हाताने अलगद ओढून काढीत. कात्री न लागल्याने धाग्याचे टोक बोथट होत नसे आणि सूत अधिक तलम निघे. मानेजवळची लोकर सर्वांत मऊ. ती निराळी काढून जाळीदार लेसच्या विणकामासाठी जपून ठेवीत.

पुढील सर्व काम घरच्या स्त्रीचे होते. लोकर निवडायची, विंचरून तंतू सरळ करायचे, लहान चरख्यावर केसासारखा धागा काढायचा, मग दोन धागे एकत्र पिळून सूत तयार करायचे. बारीक सुयांवर शाल विणून झाली की ती धुवायची, गंधकाच्या धुरीने शुभ्र करायची आणि चौकटीवर ताणून वाळवायची. अशी सुमारे दोन यार्ड चौरस शाल भरायची अवघी तीन औंसांच्या आसपास, आणि ती लग्नाच्या अंगठीतून सहज ओढून काढता येई. पुरुष मासेमारीसाठी खोल समुद्रात जात. 1881 च्या जुलैमधील एकाच वादळात अठ्ठावन्न कोळी बुडाले. मागे राहिलेल्या स्त्रिया शेती, गुरे आणि मुले सांभाळीत. पाठीवर जळाऊ मातीची टोपली आणि हातात सुया, असे त्यांचे रस्त्याने चालणे असे.

या कलेची कीर्ती लंडनपर्यंत पोहोचविण्यात आर्थर अँडरसन या शेटलंडच्या सुपुत्राचा हातभार होता. 1837 साली त्यांनी राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे तलम मोजे भेट दिले. ज्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर गोव्याच्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांतील आचारी आणि स्ट्युअर्ड यांनी आयुष्य काढले, त्या कंपनीचे हे एक संस्थापक. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात शेटलंडची लेस मांडली गेली आणि श्रीमंत घरांत तिची मागणी वाढली.

परंतु शाल विणणारीला काय मिळाले? 1872 च्या आरंभी सरकारने नेमलेले आयुक्त विल्यम गथ्री यांनी शेटलंडमध्ये साक्षी नोंदविल्या, तेव्हा हे उघड झाले. व्यापारी शालीच्या बदल्यात रोख पैसे क्वचितच देत. देत ते चहा आणि कापडासारखा दुकानातला माल, नाहीतर त्याच दुकानात चालणारी चिठ्ठी. कित्येकींनी मिळालेला चहा शेजारणीला देऊन पीठ मिळविले. जमीनदाराचा खंड चहाने भरता येत नसे. आणखी एक अन्याय होता. सूत ही रोखीची वस्तू मानली जाई, म्हणून विणून दिलेल्या मालाच्या बदल्यात दुकानदार सूत देत नसे.

येथे घरच्या मेंढीचे मोल कळते. जिच्याकडे स्वतःची लोकर नव्हती, ती व्यापाऱ्याचे सूत घेऊन त्याच्यासाठी मजुरीने विणी. जिच्या दारी चार मेंढ्या होत्या, तिची शाल विकेपर्यंत तरी तिचीच असे आणि सुतासाठी तिला कोणाकडे हात पसरावा लागत नसे. पण विक्रीच्या वेळी दोघीही त्याच दुकानाच्या फळीसमोर उभ्या राहत. मेंढीपासून शालीपर्यंतचे सारे श्रम तिचे, किंमत मात्र दुकानदाराच्या वहीत ठरे. 1887 च्या कायद्याने घरी बसून विणणाऱ्यांनाही वस्तुरूप मजुरीविरुद्ध संरक्षण दिले. तरीही जुनी चाल विसाव्या शतकापर्यंत रेंगाळली, कारण गरज आणि उधारी यांच्यापुढे कायद्याचा कागद दुबळा ठरतो.

या स्त्रिया बहुतांशी प्रॉटेस्टंट होत्या, पण त्यांचा प्रश्न सर्व ख्रिस्ती माणसांचा आहे. कामकऱ्याची मजुरी अडवून ठेवणे हे देवापर्यंत पोहोचणारे पाप आहे, असे संत याकोबाच्या पत्रात कठोर शब्दांत बजावले आहे. 1891 साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात सांगितले की, मजूर कबूल झाला एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही. तिच्यातून त्याचा उदरनिर्वाह झाला पाहिजे. शेटलंडची विणकरीणही ‘कबूल’च झाली होती. तिच्यापुढे दुसरे दुकान नव्हते.

आपल्या धर्मग्रामांतही क्रोशाची लेस, भरतकाम, शिवण करून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनी आहेत. वेदीवरच्या वस्त्राची झालर आपण कौतुकाने न्याहाळतो. तिच्यासाठी किती संध्याकाळी खर्ची पडल्या, हे क्वचितच विचारतो, आणि दाम देताना मात्र घासाघीस करतो. तिच्या हाती पूर्ण दाम, वेळेवर आणि रोख ठेवला, तर नीतिसूत्रांतील त्या शेवटच्या अपेक्षेचा आपण मान राखला असे होईल.