सुतकाबाहेरचा शोक : तरुण प्रेमाची भारतीय कादंबरी

आपल्या समाजाने मृत्यूनंतरच्या दुःखाचीही आखणी करून ठेवली आहे. कोणाला दहा दिवसांचे सुतक, कोणाला तीन दिवसांचे, कोणी केवळ स्नान करून शुद्ध व्हावयाचे, हे मृताशी असलेल्या नात्यावरून ठरते. मुसलमान समाजात विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. या विधींमागील श्रद्धा कोणतीही असो, त्यांचा एक उपयोग निर्विवाद आहे : दुःखी माणसाला ते शोक करण्याचा अधिकार देतात, आणि त्या शोकाला शेवटही देतात. या आखणीत एका माणसाची मात्र कोठेच नोंद नसते. मृतावर त्याचे प्रेम होते, परंतु त्या प्रेमाला नात्याचे नाव मिळाले नव्हते. त्याला सुतक नाही, आणि कोणी त्याला भेटावयासही येत नाही. अशा माणसाच्या शोकाचे काय होते, हा प्रश्न भारतीय भाषांतील तरुण प्रेमाच्या कादंबरीने शंभराहून अधिक वर्षे पुन्हापुन्हा विचारला आहे.

तरुण वाचकांसाठी लिहिलेली प्रेमकादंबरी असा स्वतंत्र वर्ग प्रकाशनव्यवसायाने अलीकडच्या काळात मानला. आपल्याकडे हा वर्ग नव्हता, पण ते वाचक होते. महाविद्यालयीन वयात एकमेकांकडून मागून घेतलेल्या, वसतिगृहाच्या खोल्यांतून फिरलेल्या कादंबऱ्यांची यादी केली, तर तीत प्रेम आणि मृत्यू ही जोडी वारंवार आढळेल. समीक्षेने या पुस्तकांना भावविवश म्हणून बाजूस सारले. त्या आक्षेपात तथ्य आहे, परंतु वाचकांना त्यांची गरज का भासली, याचे उत्तर त्याने मिळत नाही.

आरंभी कादंबरीसमोर उभी होती ती विधवा. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये संमत झाला आणि १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागली. यमू आणि रघुनाथराव यांचे मुंबईतील सहजीवन हे मराठी कादंबरीतील तरुण दांपत्यप्रेमाचे पहिले विश्वसनीय चित्र म्हणता येईल. रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर जे घडते, त्यात यमूच्या प्रेमाची दखल कोणीच घेत नाही. तिचे केशवपन होते, तिच्यावर नियम लादले जातात. विधी इतके की शोक करण्यास तिला अवसरच उरत नाही. येथे समाजाने शोक नाकारलेला नाही, तो काढून घेऊन त्याची शिक्षा केली आहे. पुढे जे चित्र येणार होते, त्याची ही दुसरी बाजू होय.

गोवर्धनराम त्रिपाठी यांची गुजराती कादंबरी ‘सरस्वतीचंद्र’ चार भागांत १८८७ ते १९०१ या काळात प्रकाशित झाली. लेखकाच्या पहिल्या पत्नीचे निधन १८७४ मध्ये झाले होते, आणि त्या दुःखातून त्यांचे ‘स्नेहमुद्रा’ हे काव्य निर्माण झाले. कादंबरीतील सरस्वतीचंद्र आणि कुमुद यांचा वाङ्‌निश्चय होतो, तो गृहत्याग करतो, तिचा विवाह प्रमादधनाशी लावला जातो. पुढे कुमुद विधवा होते आणि दोघे पुन्हा एकत्र येतात. आता कायद्याची आडकाठी नाही, नायकाचीही तयारी आहे. तरीही कुमुद विरक्तीचा मार्ग स्वीकारते आणि आपली धाकटी बहीण कुसुम हिच्याशी त्याचा विवाह घडवून आणते. या शेवटावर वाद झाले ते सुधारणेच्या अंगाने. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. दोघांनी जे गमावले, त्याचा भार तिसऱ्या व्यक्तीकडे सोपविला जातो. कुसुमच्या संसारात कुमुदची आठवण कायमची वस्तीला येते.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांनी ‘देवदास’ लिहिली ती विशी-पंचविशीच्या वयात. ती ग्रंथरूपाने आली १९१७ मध्ये. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरदबाबू मराठी घरांत पोचले, आणि देवदास हा शब्द तर चित्रपटांमुळे सामान्यनामासारखा वापरला जाऊ लागला. त्या वापरात मद्य राहिले आणि कादंबरीचा शेवट विसरला गेला. पार्वतीच्या कपाळावर देवदासाच्या हातून उमटलेला व्रण हीच काय ती त्यांच्या नात्याची खूण. देवदास तिच्या सासरच्या वाड्यासमोर, झाडाखाली, अनोळखी माणूस म्हणून मरतो. त्या परक्या गावात त्याच्या देहाला शिवण्यास कोणी सहजी पुढे येत नाही. पार्वतीला कळते तेव्हा सारे आटोपलेले असते, आणि धावत सुटलेल्या तिला घरची माणसे आवरतात. जमीनदाराच्या पत्नीने एका उपऱ्यासाठी रडावे, हे त्या वाड्याला समजणेच शक्य नव्हते. यानंतर शरच्चंद्र एक विलक्षण गोष्ट करतात. निवेदक कथा सोडून थेट वाचकाकडे वळतो आणि अशा अभाग्यासाठी प्रार्थना करा, निदान मरताना एखाद्या मायेच्या हाताचा स्पर्श कपाळाला व्हावा असे मागा, अशी विनंती करतो. पार्वतीला जे करू दिले गेले नाही, ते वाचकाने करावयाचे आहे. भावविवशता म्हणून हिणविला गेलेला हा परिच्छेद वस्तुतः शोकाचा अधिकार एकीकडून काढून दुसरीकडे देणारा आहे.

वैकम मुहम्मद बशीर यांची ‘बाल्यकालसखी’ ही मल्याळम कादंबरी १९४४ मध्ये आली. आकाराने लहान असलेल्या या पुस्तकात मजीद आणि सुहरा हे शेजारी बालपणी भांडत, खेळत वाढतात. एक आणि एक मिळून किती, या शिक्षकांच्या प्रश्नावर मजीद ‘जरा मोठे एक’ असे उत्तर देतो. दोन ओढे मिळून एक थोडा मोठा प्रवाह होतो, हे त्याने पाहिलेले असते. वर्गात या उत्तराचे हसे होते, आणि पुढची सारी कथा त्या उत्तराला खोटे ठरवीत जाते. वडील वारल्यावर सुहराचे शिक्षण थांबते, तिचा विवाह एका खाटकाशी होतो, छळ सोसून ती माहेरी परतते. मजीदचे घर दरिद्री झालेले असते. बहिणींच्या हुंड्याची सोय करण्यासाठी तो दूरच्या शहरी जातो, अपघातात पाय गमावतो आणि एका हॉटेलात भांडी घासू लागतो. तेथेच त्याला आईच्या पत्रातून कळते की सुहरा क्षयाने गेली.

या ठिकाणी बशीर कोणताही दिलासा योजीत नाहीत. मजीदजवळ कबर नाही, इद्दत नाही, सांत्वन करणारे कोणी नाही. उरते ती एक आठवण. तो गाव सोडून निघाला तेव्हा सुहरा काही सांगू पाहत होती, तोच मोटारीचा भोंगा वाजला आणि ते वाक्य अपुरे राहिले. ती काय सांगणार होती, या प्रश्नापाशी कादंबरी संपते. देवदासाप्रमाणे मजीद मरत नाही. त्याला जगावयाचे आहे, आणि तेही त्या अपुऱ्या वाक्यासह. शोक संपत नाही, तो माणसाच्या रोजच्या कामात सामावून राहतो, हे बशीर इतक्या कमी शब्दांत सांगतात की त्यांना भावविवश म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

पाच वर्षांनी, १९४९ मध्ये, धर्मवीर भारती यांची ‘गुनाहों का देवता’ प्रसिद्ध झाली. पुढे १९६० पासून मुंबईत ‘धर्मयुग’चे संपादन करणारे भारती तेव्हा अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते. अलाहाबादच्या विद्यापीठीय वातावरणातील ही कथा हिंदी तरुण पिढ्यांनी अक्षरशः डोक्याशी घेऊन झोपावी अशी वाचली. चंदर हा डॉ. शुक्ला यांचा लाडका विद्यार्थी. त्यांची मुलगी सुधा आणि तो यांचे प्रेम उच्चारलेही जात नाही. जात वेगळी आहे, गुरूचे ऋण आहे, आणि पावित्र्याची एक कल्पना चंदरने मनाशी घट्ट धरलेली आहे. तोच सुधाला दुसऱ्या विवाहासाठी राजी करतो, आणि गर्भपातानंतरच्या दुखण्यात ती मरण पावते. शेवटच्या प्रसंगी गंगेच्या पात्रात चंदर सुधाची राख चिमटीत घेऊन बिनतीच्या भांगात भरतो. बिनती ही सुधाची आतेबहीण.

हा प्रसंग आजही अंगावर येतो. ज्याला अस्थिविसर्जनाचा अधिकार नाही, तो स्वतःच एक विधी निर्माण करतो, यात त्याचे सामर्थ्य आहे. परंतु तो विधी एका जिवंत मुलीच्या मस्तकावर होतो. कुंकवाच्या जागी राख भरून घेणाऱ्या बिनतीला तिचे मत कोणी विचारीत नाही. कुसुमपासून बिनतीपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे लोटली, तरी नायकाच्या शोकाला आधार देण्याचे काम दुसऱ्या बहिणीकडेच राहिले. तरुण वाचकाने या कादंबरीवर जीव टाकावा, पण तीत बिनतीचा शोक कोणी लिहिला नाही हेही पाहावे.

रविंदर सिंग यांची स्वानुभवावर आधारलेली ‘आय टू हॅड अ लव्ह स्टोरी’ ही इंग्रजी कादंबरी २००८ मध्ये आली आणि असंख्य तरुणांनी ती वाचली. भाषा साधी, कारागिरी बेताची. पण तीतील प्रेयसी वाङ्‌निश्चयापूर्वीच जाते, म्हणजे निवेदक विधुर नाही आणि कागदोपत्री तिचा कोणीही नाही. शरच्चंद्रांनी ज्या उंबरठ्याबाहेर पार्वतीला अडवलेले दाखविले, त्याच उंबरठ्याबाहेर तो उभा आहे. फरक इतकाच की आता तो आपले दुःख स्वतःच्या नावाने सांगू शकतो.

या कादंबऱ्या वाङ्मयीन दृष्ट्या एका तोलाच्या नाहीत, आणि तसे मानण्याचे कारणही नाही. तथापि त्यांचा इतिहास एकत्र लिहिला पाहिजे. नाते ठरविण्याचा अधिकार आपल्या समाजात दीर्घकाळ घराण्याकडे आणि जातीकडे राहिला, आणि त्यामुळे शोकाचा अधिकारही तेथेच राहिला. जात ओलांडून, घर डावलून प्रेम करणाऱ्यांच्या वाट्याला आजही कित्येकदा तीच अवस्था येते : माणूस जातो, आणि त्याच्या अंत्ययात्रेत चालण्याचीही मुभा नसते. अशा वेळी एकांतात वाचलेले पुस्तक हीच शोकाची एकमेव जागा उरते. ग्रंथालयांच्या कपाटांतील या कादंबऱ्यांच्या झिजलेल्या प्रतींकडे पाहताना, त्या कोणी कोणासाठी वाचल्या असतील, याचा विचार अभ्यासकाने अवश्य करावा.