स्वतंत्रपूर : आटपाडीची खुली वसाहत

स्वतंत्रपूर : सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ असलेली कैद्यांची खुली वसाहत. स्थापना १९३९ मध्ये, तेव्हाच्या औंध संस्थानात. सध्या ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. जन्मठेपेसारखी लांब शिक्षा झालेले, बंदिस्त तुरुंगात काही वर्षे चांगल्या वर्तणुकीने काढलेले निवडक कैदी येथे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. वसाहतीला तट नाही. मर्यादा आखून दिलेली असते, हजेरी होते, आणि बाकीचा दिवस कैदी आपल्या कामाच्या मागे असतो. २८ जणांची सोय असलेली ही जागा आकाराने एखाद्या वस्तीएवढीच आहे. तरीही शिक्षा भोगत असताना माणूस पुन्हा उभा कसा राहतो, हे समजून घ्यायचे तर मराठी मुलखात याहून महत्त्वाचे ठिकाण नाही.

आटपाडीचा भाग माणदेशातला. पाऊस बेभरवशाचा, जमीन बरीचशी माळरान, पिके ज्वारी-बाजरीची, आणि अभिमानाने सांगावे असे धन म्हणजे खिलार बैल. दुष्काळ पडला की जगायला बाहेर पडणे या भागाच्या पिढ्यानपिढ्या अंगवळणी पडलेले. औंध संस्थानाचा मुलूखही सलग नव्हता. साताऱ्याकडचे औंध, इकडे आटपाडी, कुंडल असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. अशा गरीब, विस्कळीत संस्थानात हा प्रयोग झाला, हे ध्यानात ठेवायला हवे. त्यासाठी मोठा खजिना लागला नाही.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सूर्यनमस्काराचे प्रचारक, स्वतः चित्रकार आणि औंधच्या वस्तुसंग्रहालयाचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध आहेत. माणसावर भरवसा टाकण्याची त्यांची रीत मात्र जुनी होती. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ त्यांनीच दिला आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वाडीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी पूर्वी गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगलेली माणसे नेमली होती. स्वतंत्रपुराच्या कितीतरी आधी, त्याच संस्थानाच्या हद्दीत, एका कारखानदाराने आपल्या मालमत्तेच्या किल्ल्या अशा हातांत दिल्या होत्या. दोन्ही घटनांचा थेट धागा दाखवता येत नसला, तरी ती हवा एकच होती असे म्हणायला जागा आहे.

१९३९ च्या आरंभी बाळासाहेबांनी आपले अधिकार सोडून प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिची आखणी महात्मा गांधींच्या सल्ल्याने झाली आणि तिचा पाया ग्रामपंचायत हा होता. या कामात राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे दोघे पुढे होते. फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू अभियंते, म्हैसूर सरकारच्या कारखान्यात नोकरीसाठी बंगळूरला आलेले. पुढे त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘भारतानंद’ हे नाव घेतले. सूतकताईसाठी त्यांनी तयार केलेली धनुष तकली गांधीजींनी उचलून धरली. उतारवयात मुंबईत त्यांनी निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत आणले, ते पुस्तक १९७३ साली निघाले आणि जगभर गेले. खुल्या तुरुंगाची कल्पना फ्रीडमन यांची. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना बेड्यांशिवाय माळावर न्यावे, जमीन कसू द्यावी आणि स्वतः त्यांच्यात राहावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. राजाने तो मान्य केला. प्रजा आपला कारभार आपण पाहू शकते असे जे राज्य मानत होते, त्याने तोच विचार तुरुंगापर्यंत नेला. स्वतंत्रपूर हे स्वराज्याच्या त्या घटनेचेच एक अंग आहे, आणि ते तसे वाचले नाही तर एका दयाळू राजाची आख्यायिका एवढेच उरते.

आख्यायिका झालीच. ग. दि. माडगूळकर याच मुलखातले, त्यांचा जन्म आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे गावचा. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला. पडीक जमीन, सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर आदिनाथ. चित्रपटाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलही मिळाले. भरत व्यास यांनी लिहिलेली आणि वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेली त्यातली प्रार्थना देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. स्वतंत्रपुराचे नाव जे काही लोकांना ठाऊक आहे ते या चित्रपटामुळे.

पण चित्रपटाने एक गोष्ट झाकली असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यात सारा भार जेलरच्या नजरेवर आहे. ते दोन डोळे कैद्यांना रोखतात, त्याच्या मरणानंतरही. प्रत्यक्ष वसाहत कोणा एका महात्म्याच्या डोळ्यांवर आठ दशके चालू शकली नसती. फ्रीडमन गेले, संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, अधिकारी बदलत राहिले, तरी वसाहत टिकली. तिला धरून ठेवणारी गोष्ट साधी आहे. कैद्याच्या घरात चूल पेटते. मूल शाळेतून येते आणि बाप घरी असतो. दुखणे, उसनवार, पेरणीची घाई, बायकोशी भांडण आणि समेट हे सगळे त्याच्या वाट्याला रोज येते. बंदिस्त तुरुंगात कैद्याला यातले काहीच करावे लागत नाही. तेथे उठणे, जेवणे, बराकीत बंद होणे दुसरा कोणी ठरवतो. मुलाखतीच्या वेळी जाळीपलीकडे दिसणारी बायको आणि अधूनमधून मिळणारी संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजा एवढेच घर उरते. दहा-बारा वर्षे अशी गेली की निर्णय घेण्याची सवयच मोडते, आणि नेमकी तीच सवय सुटल्यावर पहिल्या दिवसापासून लागते. स्वतंत्रपूर ती सवय शिक्षेच्या काळातच परत लावते. सुधारणेच्या शिबिरांहून, प्रवचनांहून या एका गोष्टीचे मोल अधिक आहे.

पळून जाण्याची भीती ही खुल्या वसाहतीवरची पहिली शंका असते. तिचे उत्तर निवडीत आणि माफीत आहे. येथे येण्यासाठी कैद्याची वर्तणूक, शिक्षेचा भोगलेला भाग, प्रकृती आणि गुन्ह्याचे स्वरूप निवड समिती तपासते. काही प्रकारच्या गुन्ह्यांतील कैद्यांना प्रवेशच नसतो. खुल्या कारागृहात राहणाऱ्याला बंदिस्त कारागृहापेक्षा अधिक माफी मिळते, म्हणजे शिक्षा लवकर संपते. पळालेला माणूस ही माफी, ही जागा आणि सोबत आलेले कुटुंब एकाच वेळी गमावतो. भरवसा येथे भाबडा नाही, तो बारकाईने रचलेला आहे.

भारतात खुल्या तुरुंगाचा पहिला प्रयत्नही मुंबई इलाख्यातलाच. १९०५ मध्ये ठाण्याच्या तुरुंगातील निवडक कैदी घेऊन तो झाला आणि १९१० मध्ये बंद पडला. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात तिथले नेते संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने धरणांच्या कामावर कैद्यांची खुली शिबिरे भरली. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरचे शिबिर १९६३ पासून चालू आहे. तेथेही कैदी कुटुंबासह राहतात, बाहेर जाऊन स्वतःची रोजीरोटी कमावतात आणि शिबिराचा रोजचा कारभार कैद्यांचीच बंदी पंचायत पाहते. स्वतंत्रपुराची खरी भावंडे शोधायची तर ती सांगानेरला सापडतात. महाराष्ट्रात येरवडा, पैठण, विसापूर, मोर्शी अशा ठिकाणी खुली कारागृहे आहेत. तेथे शेती आणि मोकळीक आहे, पण कुटुंबाचा सहवास हे स्वतंत्रपुराचे वेगळेपण आहे. तुरुंगसुधारणेसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने १९८० च्या दशकात खुल्या संस्था वाढवण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी तसेच सांगितले, आणि २०२४ मध्ये तुरुंगांतील गर्दीवरचा एक उपाय म्हणून राज्यांकडे खुल्या कारागृहांची माहिती मागितली.

असे असूनही स्वतंत्रपूर वाढले नाही, याची खंत नोंदवणे भाग आहे. राज्यातील बंदिस्त कारागृहांत क्षमतेपेक्षा जास्त माणसे कोंबलेली असताना ही वसाहत काही डझन घरांच्या पुढे गेली नाही. देशातील सुमारे तीन चतुर्थांश कैदी अजून दोष सिद्ध न झालेले, कच्चे कैदी आहेत, आणि खुल्या वसाहतीचे दार त्यांना बंद असते. ज्यांना ते उघडे आहे त्यांच्यातही ज्याचे कुटुंब तुटलेले, ज्याची बायको सोडून गेलेली, त्याला या वसाहतीचा मुख्य लाभ मिळत नाही. स्त्री कैद्यांसाठी येरवड्याला खुले कारागृह झाले, पण नवऱ्या-मुलांसह राहण्याची अशी सोय तेथे नाही. तुरुंगात गेलेल्या बाईला घरचे भेटायलाही येईनासे होतात, हे पाहता तिची गरज अधिकच आहे.

कुटुंबावर पडणारा भारही मोठा असतो. बायको आपले गाव, नातलग, असेल ती मजुरी सोडून माणदेशात येते. कोणताही गुन्हा न केलेली मुले कैद्यांच्या वसाहतीचा पत्ता शाळेत लिहितात. शिक्षा संपली की घर आणि शेत दोन्ही सोडावे लागते, कारण ते सरकारचे असते. त्यानंतर ज्या गावात गुन्हा घडला, जेथे मयताचे नातलग राहतात, तेथेच बहुतेकांना परतायचे असते. कसायला जमीन असेलच असे नाही. वसाहतीत शिकलेली शेती दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करताना वापरावी लागते. सुटकेनंतरची जमीन, कर्ज आणि घर यांची जबाबदारी कारागृह विभागाच्या कक्षेत येत नाही, आणि ती उचलणारी दुसरी यंत्रणाही अद्याप उभी राहिलेली नाही.