गुडघ्याचे चित्र आणि गुडघ्याचे दुखणे

मंडळी, मागच्या खेपेला आपण प्रत्यक्ष आणि अनुमान या दोन प्रमाणांबद्दल बोललो. आज तोच प्रश्न जरा खाली उतरवू, अगदी गुडघ्यापर्यंत!

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्ग येथे राँटगेनला क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्याने पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे दिसली, बोटातली अंगठी दिसली. शस्त्र न लावता जिवंत माणसाचे हाड दिसू लागले, ही केवढी मोठी गोष्ट! पण गुडघ्याची गंमत अशी, की तिथे पुष्कळदा हाड शाबूतच असते. फाटते ती दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, नाहीतर तुटते लिगामेंट. साध्या एक्स-रेत ही दोन्ही दिसत नाहीत. मग युक्त्या निघाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच सांध्यात वायू भरून चित्र घेण्याचे प्रयोग झाले. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. आजच्या आर्थ्रोस्कोपीचं हे मूळ.

पुढे १९७३ साली लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने चित्र कसं काढता येतं ते दाखवलं. त्यांना आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. एमआरआयमध्ये मुख्यतः शरीरातल्या पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन बोलतो, म्हणून मऊ भागही दिसतो. गादी दिसली, लिगामेंट दिसलं. वाटलं, प्रत्यक्ष जिंकलं!

पण थांबा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे तपासले गेले. हे दुखतं म्हणून आलेले रुग्ण नव्हते, गावातून सरसकट निवडलेली माणसं होती. २००८ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात काहीही दुखलं नव्हतं. २०१३ साली फिनलंडमधल्या अभ्यासात, झिजून फाटलेल्या गादीच्या १४६ रुग्णांपैकी काहींवर खरी, काहींवर नुसती लटकी शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता.

म्हणजे काय? चित्रात फाटलेलं दिसतं. 'त्यामुळेच दुखतं' हे दिसत नाही, ते आपण जोडतो. धूर आहे म्हणून अग्नी आहे, असं म्हणायला व्याप्ती लागते. इथे तीच ढिली आहे. खेळताना पाय पिरगळलेल्या तरुणाची गोष्ट निराळी, तिथे चित्राचं मोल मोठं. पण तिथेही डॉक्टर आधी हाताने गुडघा हलवून बघतात.

दोन वर्षांपूर्वी आमचाही गुडघा धरला. रिपोर्टात 'टेअर' हा शब्द वाचून आम्ही हबकलो. डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, "सर, जिना चढताना दुखतं की उतरताना? गुडघा मध्येच अडकतो का?" मग मांडीचे व्यायाम दिले. फाटलेली गादी तशीच असेल. आज मात्र सभागृहाच्या पायऱ्या आम्ही कठडा न धरता चढलो.

तेव्हा चित्र जरूर काढा. पण ज्याचं दुखतं, त्यालाही विचारा.