अनवाणी पायाची कुळकथा

‘मोफत जयपूर फूट शिबिर’ असा फलक महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावांनी कधी ना कधी पाहिलेला आहे. रोटरी किंवा लायन्स क्लब पुढाकार घेतो, एखादं मंगल कार्यालय किंवा रुग्णालयाचं आवार मिळतं, आणि रेल्वेखाली, मळणी यंत्रात किंवा मधुमेहामुळे पाय गमावलेली माणसं कुबड्या टेकत येऊन रांगेत बसतात. जयपूर फूट नावाचा हाच कृत्रिम पाय काबूलला गेला, श्रीलंकेत जाफन्याला गेला, युद्धातून जीव वाचवून छावणीत आलेल्या माणसांपर्यंत पोचला. संघर्षामुळे घरदार सुटलेल्या माणसाला नेमकं काय हवं आहे हे ठरवण्याचं काम ज्यांच्याकडे असतं, त्यांनी या पायाची जन्मकथा जरूर वाचावी असं मला मनापासून वाटतं. कारण तिची सुरुवात वाया गेलेल्या मदतीपासून होते.

1944 साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. जखमी जवानांसाठी काढलेल्या या केंद्राचा पुढे नागरिकांनाही आधार झाला. त्या काळी पाय कापलेल्या रुग्णाला दूरदूरच्या गावांतले डॉक्टर पुण्याचाच पत्ता देत. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठीही देत. सेठी मूळचे सामान्य शल्यविशारद, एडिंबरोहून एफआरसीएस होऊन आलेले. रुग्णालयाचा अस्थिरोग विभाग त्यांच्याकडे आला आणि पाय गमावलेली माणसं रोजच त्यांच्यासमोर येऊ लागली.

त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांना पुण्याला पाठवलं होतं ती माणसं पाय बसवून परत येत आणि काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसत. पाय मोडलेला नसे, हरवलेलाही नसे. घरात कोपऱ्यात पडून असे.

पायाच्या बनावटीत खोट नव्हती. तो पाश्चात्त्य धर्तीचा होता. 1950 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जो नमुना विकसित झाला आणि जगभर चालला, त्यात घोटा घट्ट बसवलेला आणि टाचेला मऊ गादी असे. सपाट फरशीवर, फुटपाथवर, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी तो उत्तम होता. पण तो बुटाच्या आत घालायचा पाय होता. बूट नसेल तर तो पायासारखा दिसेना, पाण्यात नि चिखलात टिकेना.

राजस्थानातल्या शेतकऱ्याचा दिवस या पायाशी ताडून पाहा. तो उठतो तो जमिनीवरच्या अंथरुणावरून. परसाकडे जातो, तिथे उकिडवं बसायचं. न्याहारीला मांडी घालून बसायचं. स्वयंपाकघरात, देवघरात पायताण चालत नाही. शेतात ढेकळं, बांध, पाटाचं पाणी. संध्याकाळी पारावर बसायचं ते पुन्हा मांडी घालूनच. घट्ट घोट्याचा, बुटातला पाय यातलं एकही काम करू देत नव्हता. माणसाला पाय मिळाला होता, पण त्याच्या वाट्याला दिवसातून दहा वेळा जमिनीपासून वर, चारचौघांपासून वेगळं बसणं आलं होतं. त्यापेक्षा त्याला कुबडी बरी वाटली आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

जयपूर फूटची खरी जन्मवेळ मला इथे दिसते. रबर अजून कुणी हातात घेतलं नव्हतं. फक्त रुग्ण पाय का टाकून देतात, हे एका डॉक्टरने रुग्णालाच विचारायचं ठरवलं होतं. उत्तरांतून मागण्यांची यादी तयार झाली. पाय अनवाणी चालला पाहिजे. पाण्यात भिजला तरी चालला पाहिजे. पायासारखा दिसला पाहिजे. उकिडवं बसताना घोट्यात वर वाकला पाहिजे, मांडी घालताना आत वळला पाहिजे, ढेकळावर पडला तर डावीउजवीकडे कलला पाहिजे. आणि गरिबाला परवडला पाहिजे. ही यादी एखाद्या अभियांत्रिकी संस्थेकडे गेली असती तर कदाचित मोठा, महाग प्रकल्प उभा राहिला असता. जयपुरात ती एका कारागिराच्या हाती पडली.

रामचंद्र शर्मा हे त्या कारागिराचं नाव. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचं, हात मात्र घडवणाऱ्या माणसाचा. रुग्णालयात ते रुग्णांना हस्तकला शिकवायला येत आणि पाय नसलेल्या माणसांची धडपड जवळून पाहत. त्यांनी पायाचे आकार घडवायला सुरुवात केली. भरीव रबराचा पाय करून पाहिला, तर तो जड आणि ताठ झाला. मग, असं सांगतात, एकदा सायकलचं चाक पंक्चर झालं म्हणून ते रस्त्याकडेच्या दुकानात थांबले. तिथे ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नव्या रबराचा थर चढवण्याचं काम चाललं होतं. मास्टरजींनी पायाचा साचा त्या दुकानात नेला. डॉक्टरांचं शरीररचनेचं ज्ञान, कारागिराची नजर आणि टायरवाल्याची भट्टी अशा तिघांच्या मिळणीतून 1968 साली जयपूर फूट उभा राहिला. डॉ. एस. सी. कासलीवाल आणि डॉ. महेश उदावत यांचाही त्यात वाटा होता.

आत पाहिलं तर पायाचे तीन ठोकळे दिसतात. टाच आणि चवडा बारीक छिद्रांच्या हलक्या रबराचे, चपलेच्या तळव्याला वापरतात तशा. घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा आणि त्यातून वर जाणारा बोल्ट, ज्याने पाय नळीला जोडला जातो. हे तीन ठोकळे टायरमधल्या दोऱ्याच्या रबरी पट्ट्यांनी बांधतात, तळाला टायरच्या रबराचा थर देतात, वरून कातडीच्या रंगाचं रबर चढवतात. मग सगळं ॲल्युमिनियमच्या साच्यात बंद करून भट्टीत भाजलं जातं आणि सुटे थर एकजीव होतात. साच्यातून निघतो तो बोटं, नखं, घोट्याचा उंचवटा असलेला पाय. ठोकळे वेगवेगळे असल्यामुळेच तो हवा तिकडे वाकतो, वळतो, कलतो. सुरुवातीला वरची नळी पत्रा ठोकणारे कारागीर ॲल्युमिनियमची करत. पुढे शेतात पाण्यासाठी वापरतात तसला प्लास्टिकचा पाइप आला. उरलेल्या पायावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा भरीव नमुना ओततात, तापवून मऊ केलेला पाइप त्यावर चढवतात. थंड झाला की त्याला तोच आकार येतो. पट्टे बसवले, खाली पाय जोडला की रुग्ण उभा राहतो. एक-दोन दिवसांत तो चालत घरी जाऊ शकतो, आणि रोजगार बुडवून आलेल्या माणसाला यापेक्षा मोठी सवलत दुसरी नाही.

तरीही पहिल्या सात वर्षांत अवघे 59 पाय बसले. वस्तू चांगली असणं आणि ती गरजवंताच्या दारी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडवली देवेंद्र राज मेहता यांनी. हे सनदी अधिकारी 1969 साली पोखरणजवळ मोटार अपघातात जबर जखमी झाले. पाय जातो की राहतो अशी वेळ आली. पाय राहिला, पण रुग्णालयातल्या मुक्कामात आपल्यासारखे पैसे आणि ओळखी नसलेल्यांचं काय होतं हे त्यांनी पाहिलं. 1975 साली, भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या 2500 व्या वर्षाच्या निमित्ताने, त्यांनी जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. समितीने पाय मोफत दिले. आलेल्या माणसाची राहण्या-जेवणाची सोय केली, येण्याच्या वेळेची अट ठेवली नाही. खेड्यातून रात्रीच्या गाडीने येणारा माणूस पहाटे दारात उभा राहतो, तर दार तेव्हा उघडं हवं. हीसुद्धा त्याच्या दिवसातून निघालेली गरज होती. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानाने मागे राहिलं, ही खंत जयपूर फूटच्या इतिहासात कायम राहील.

पायाचं पेटंट कुणी घेतलं नाही. ज्याला जमेल त्याने करावा, अशी मोकळीक राहिली आणि म्हणून तो लढाया चालू असलेल्या देशांत लवकर पोचला. माणसाविरुद्ध पेरलेला भूसुरुंग बहुतेकदा जीव घेत नाही, पाय घेतो. लढाई संपली, विस्थापित शेतकरी गावी परतला, नांगर धरला, तरी सुरुंग जमिनीत जागाच असतो. 1982 साली थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत कंबोडियन निर्वासितांसाठी दोन फ्रेंच डॉक्टरांनी बांबू, चामडं, टायर असं हाताशी असेल त्यातून पाय करायला सुरुवात केली. त्यातून ‘हँडिकॅप इंटरनॅशनल’ ही संस्था वाढली. भूसुरुंगांवर बंदी आणण्याच्या ज्या मोहिमेला 1997 चं शांततेचं नोबेल मिळालं, तिच्या संस्थापकांत ती होती. जयपूरसारखीच वाट दुसऱ्या टोकाला दुसऱ्या माणसांना सापडली होती. श्रीलंकेत 1985 साली कोलंबोला आणि 1987 साली जाफन्याला जयपूर फूटची केंद्रं निघाली. जाफन्याच्या केंद्राने तर जयपूर हे नावच लावलं.

2009 च्या मे महिन्यात श्रीलंकेतलं युद्ध संपलं तेव्हा उत्तरेतली पावणेतीन लाखांहून अधिक माणसं छावण्यांत होती. त्यांतली सर्वांत मोठी छावणी वावुनियाजवळची, मेनिक फार्म. 2010 च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत सरकारच्या मदतीने जयपूरची समिती तिथे गेली आणि सुमारे 1,400 कृत्रिम अवयव बसवले. तंबूंच्या ओळींमध्ये जिथे माप घेऊन पाय तयार होत होते, तिथे या कथेतली दोन्ही टोकं एकत्र येतात: छावणीचं गणित आणि माणसाचा दिवस.

छावणीच्या गणितालाही स्वतःची कुळकथा आहे. 1994 साली रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो निर्वासित झाईरमधल्या गोमा शहराजवळ आले आणि पटकीने काही आठवड्यांत हजारोंचा बळी घेतला. मदत करायला संस्था कमी नव्हत्या, किमान किती द्यायचं याचा एकमेकींशी मेळ नव्हता. त्या धक्क्यातून 1997 साली ‘स्फिअर’ हा उपक्रम निघाला आणि किमान प्रमाणं ठरली. माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा, 20 जणांमागे एक शौचकूप, नळ घरापासून 500 मीटरच्या आत. या आकड्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

पण ते एका पायावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने वाचून पाहा. नळ 500 मीटरवर आहे, म्हणजे प्रमाण पाळलं गेलं. कुबड्या दोन्ही हातांत असताना घागर कशाने उचलायची? 20 जणांमागे शौचकूप आहे, पण ते उकिडवं बसण्याचं आहे. शिधा वेळेवर वाटला जातो, पण रांगेत तासभर उभं राहावं लागतं. कागदावर तिन्ही गरजा भागल्या आहेत आणि या माणसाच्या हाती एकही आलेली नाही. त्याचं पाणी, त्याचं अन्न, त्याची लाज राखण्याची सोय, हे सगळं एका पायावर अडलं आहे. कृत्रिम पाय ही नंतर सवडीने पाहण्याची बाब आहे, असं म्हणणाऱ्याने त्याचा दिवस मोजलेला नसतो.

सर्वेक्षणाच्या पद्धतीतही याची जाणीव हळूहळू आली. 2001 साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने अपंगत्वाच्या आकडेवारीसाठी ‘वॉशिंग्टन गट’ स्थापन झाला. त्याने तयार केलेल्या छोट्या प्रश्नसंचात सहा प्रश्न आहेत आणि ‘तुम्ही अपंग आहात का’ हा त्यांत नाही. त्याऐवजी विचारलं जातं की चालायला किंवा पायऱ्या चढायला अडचण येते का, दिसायला, ऐकायला, स्वतःचं आवरायला अडचण येते का, आणि येते तर किती. पहिल्या प्रश्नाला संकोचाने ‘नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्याला खरं उत्तर देतो. सेठींनी तीस-पस्तीस वर्षं आधी आपल्या रुग्णांना जे विचारलं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

जयपूर फूटवर टीका झाली आहे आणि ती ऐकली पाहिजे. पेटंट नसल्याने कुणीही तो करू शकला, तशी दर्जाची हमीही सुटली. नळी उरलेल्या पायावर नीट बसली नाही तर जखमा होतात. एका दिवसाच्या शिबिरात बसवलेल्या पायाची पुढे दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न अनेक ठिकाणी तसाच राहिला. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने आपल्या केंद्रांसाठी पॉलिप्रॉपिलीनचं वेगळं तंत्र उभारलं आणि स्थानिक तंत्रज्ञ घडवण्यावर भर दिला. हे आक्षेपही शेवटी सेठींच्याच कसोटीकडे नेतात: दिलेला पाय वर्षभराने अंगावर आहे की कोपऱ्यात? किती पाय वाटले याचा आकडा शिबिराच्या अहवालात हमखास असतो. किती पाय वापरात आहेत हा आकडा फार थोड्या अहवालांत सापडतो.

म्हणून विस्थापितांची यादी करायला निघालेल्या प्रत्येकाने, मग तो संयुक्त राष्ट्रांचा अधिकारी असो की आपल्याकडचा तलाठी, छापील फॉर्म भरण्याआधी समोरच्या माणसाला त्याचा कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगायला लावावा. कुठे बसलात, पाणी कुणी आणलं, रांगेत कोण उभं राहिलं, बाहेर जायला कुणाची सोबत लागली? आणि मदत दिल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. ऐकायला वेळ लागतो आणि उत्तर आपल्या योजनेविरुद्ध गेलं तर योजना बदलण्याची तयारी लागते. जयपुरात एका डॉक्टरने आणि एका कारागिराने ती दाखवली. ती सरकारी दप्तरांनी आणि मोठ्या संस्थांनीही दाखवावी, एवढीच अपेक्षा आहे.