शेंगेतलं पाणी

डोंबिवली पूर्वेला, चौथ्या मजल्यावरच्या तुमच्या ओट्यावर जपानी मातीचं कोरं भांडं बसलंय. झाकण शंकूसारखं. सोबतचा कागद बजावतो, पाणी घालू नका. कोबी-कांद्याची वाफ वर चढेल, झाकणाच्या गार टोकाला लागून तिचे थेंब होतील आणि परत भाजीवर पडतील. युक्ती मोरोक्कोच्या ताजीनची, माती जपानची. तुमचा मात्र विश्वास बसत नाही. करपलं तर? म्हणून तुम्ही हळूच पाण्याचा पेला उचलता.

तो हातातच असू द्या आणि जिना उतरा. दुसऱ्या मजल्यापाशी पायऱ्या संपतात, इमारतही संपते. चपलेखाली भाताची धसकटं मोडतात.

१९५५चा जानेवारी. संध्याकाळ कलली आहे आणि तुम्हाला स्वेटर हवासा वाटतोय. (डोंबिवलीत! विश्वास ठेवा.) स्टेशनाच्या पलीकडे, ठाकुर्लीला, चोळ्याच्या वीजघराची धुराडी धूर ओकताहेत. रेल्वेची वीज तिथे होते. इकडे सागाव-भोपरच्या बाजूला शेतंच शेतं. भात कापून झालाय आणि त्याच खाचरात वाल पसरलाय. त्याला कोणी पाणी देत नाही. पावसाळ्याची जी ओल जमिनीत मुरली, तिच्यावरच तो शेंगा धरतो.

बांधावर आगरी घरातली पाच-सहा माणसं पोपटीचं मडकं भरताहेत. तुम्ही कोण, कुठले, कोणी विचारत नाही. पेल्याकडे मात्र सगळे बघतात.

आजी मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला दाबते. त्याचा उग्र वास तुमच्या नाकात घुसतो आणि पुढे दोन दिवस बोटांना राहणार असतो. मग वालाच्या शेंगा, सोलायच्या नाहीत, अख्ख्याच. मधे बटाटे, रताळी, चार अंडी. जाडं मीठ आणि ओवा मुठीने. पुन्हा शेंगा. तोंडाशी भांबुर्डी इतकी ठासून, की मडकं उलटं केलं तरी एक शेंग निसटू नये.

तुम्ही न राहवून पेला पुढे करता.

“पानी कनाला?” आजी हसते. “शेंगन हाय नं.”

हिशेब तिचाच बरोबर. कोवळ्या शेंगेत शंभरातले पंच्याऐंशी भाग तरी पाणीच असतं. ते बाहेर कसं काढायचं आणि जाऊ कसं द्यायचं नाही, एवढाच प्रश्न. मडकं जमिनीवर पालथं घालतात ते त्यासाठी. वाफ हलकी, ती वर जाणार. वर तर मडक्याचं बंद बूड. खाली उतरावं तर पाल्याचं बूच. ताजीनमध्ये वाफेचे थेंब व्हावे लागतात. इथे आग चहूबाजूंनी, थेंब व्हायला गार जागाच नाही; वाफ वाफ म्हणूनच कोंडून राहते. मला ही दुसरी रीत जास्त हुशारीची वाटते, आणि तिला दुकानातलं झाकणही लागत नाही.

भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचतात. पेटतं. अर्धा तास गप्पा, शेकलेले तळवे, डोळ्यांत धूर. मधेच वारा फिरतो आणि भांबुर्डीबरोबर ओव्याचा वास येतो. आता झालं असावं, असं तुम्हाला वाटतं. नाही, अजून नाही. मडकं उघडून बघायची सोय नसते. एकदा उघडलं की वाफ गेली.

मग आजी तुमच्याकडे हात पसरते. पेला हवाय. बोटं बुडवून ती तापलेल्या मडक्यावर शिंतोडे उडवते. चर्र! क्षणात डाग सुकतो. पोपटी झाली. अख्ख्या स्वयंपाकात लागलेलं पाणी एवढंच, आणि तेही बाहेरून.

मडकं पेंढ्यावर रितं होतं. शेंग दाताखाली ओढा. दाणा मऊ, किंचित धुरकट, मीठ आतपर्यंत मुरलेलं. बटाट्याची साल आपोआप सुटते. दुसरी शेंग घ्यायला तुम्ही हात पुढे करता आणि बोटांना ओट्याचा ग्रॅनाइट लागतो.

पेला रिकामा आहे. भांड्याखालचा गॅस मंदच ठेवा, पाणी घालू नका. आणि जानेवारीत बाजारात वालाच्या शेंगा दिसल्या की मडकं आणून ठेवा. भांबुर्डी विकत आणायची गरज नाही. पडीक प्लॉटच्या कडेला ती आपली आपण उगवते. तिथे बांधकाम सुरू व्हायच्या आत तोडा.