माळ्यावरचा वायसर

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की गिरगावातल्या आमच्या चाळीत घरोघर माळे काढण्याची धांदल सुरू होई. एका वर्षी मी उत्साहाच्या भरात चार-सहा किडूकमिडूक वस्तू केरात टाकल्या. त्यांत चामड्याचा एक वायसर होता. ऐन चकल्यांच्या दिवशी स्टोव्हच्या पंपातला जुना वायसर फाटला, आणि केरात गेलेला तो कशाचा होता ते साऱ्या घराला कळले. “टाकण्याआधी विचारावं रे, कुणाच्या उपयोगाचं आहे ते,” एवढेच आई म्हणाली.

तीच चूक पुढे मी पगार घेऊन केली! १९९५ साली लालबागेतल्या एका पतपेढीत मी संगणकाचे काम पाहत असे. सभासद बहुतेक गिरणगावातले; १९८२ च्या संपाने मोडलेल्या घरांना लाभांशाचे चार पैसे म्हणजे दिवाळीचे तेल-रवा. डिस्क भरली म्हणून मी पत्रलेखनाचा एक जुना प्रोग्रॅम पुसला. त्याच्याच असाव्यात अशा समजुतीने सामाईक कप्प्यातल्या दोन-तीन फाइलीही पुसल्या. सकाळी हिशेबाचा प्रोग्रॅम उघडेचना. त्यांतली एक फाइल त्यालाही लागत होती! बाहेर रांग लागलेली. एक बाई दुपारपर्यंत तीनदा येऊन गेल्या. “भाऊ, आज मिळेल ना नक्की?” त्यांच्या डोळ्याला डोळा देण्याची माझी छाती झाली नाही. अखेर वृद्ध हेडक्लार्कांनी खतावण्या काढल्या, आम्ही रात्रभर हाताने याद्या लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी पैसे वाटले.

तेव्हापासून मला एक नाद लागला : यंत्रात आणलेली वस्तू सुखरूप बाहेर कशी न्यावी, हे माणसाने कसे शोधले?

आरंभी हा प्रश्नच नव्हता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक चालू झाला. १९६४ मध्ये तेथे ‘सीडीसी ३६००’ हे अमेरिकन यंत्र आले. त्या काळी प्रोग्रॅम म्हणजे पंच कार्डांचा गठ्ठा. काम झाले, गठ्ठा काखेत मारला, की पाहुणा घराबाहेर! पुढे डिस्का आल्या, प्रोग्रॅम कायमचे मुक्कामाला राहिले आणि एकमेकांची भांडी वापरू लागले. भांडणे तेथून सुरू झाली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस युनिक्सच्या कर्त्यांनी प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर दोन कागद जोडले : एकावर नावगाव, दुसऱ्यावर कोणती फाइल कोठे ठेवली त्याची यादी. पण या विचाराला खरा आकार दिला तो हौशी मंडळींनी. १९९३ च्या ऑगस्टात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने ‘डेबियन’ची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि आपण इयन, या दोन नावांचा तो समास! जगभरच्या स्वयंसेवकांनी बांधलेली प्रोग्रॅमांची गाठोडी त्यात एकत्र नांदायची होती; म्हणून प्रत्येक गाठोड्यावर एकसारखी चिठ्ठी हवी होती.

ती चिठ्ठी मी प्रथम वाचली तेव्हा थक्क झालो. साधी अक्षरे; कोणालाही वाचता यावीत अशी. नाव काय, आवृत्ती कितवी, सांभाळणारा कोण; कोणावाचून अडते, कोणाशी पटत नाही. सोबत चार छोट्या सूचना : येण्यापूर्वी काय करावे, आल्यावर काय, जाण्यापूर्वी काय, गेल्यावर काय. घरात काय काय ठेवले त्याची यादी व्यवस्थापकाकडे राही. दुसऱ्याच्या नावावरची फाइल कोणी दडपू लागले तर तो अडवी. आणि ज्याच्यावर दुसरा विसंबून आहे त्याला काढू लागलात तर साफ नकार देई. माझ्या आईसारखाच!

निरोपाचेही दोन प्रकार होते. नुसते ‘काढा’ म्हटले, तर तुम्ही हाताने बदललेल्या मांडणीच्या फाइली जपून ठेवायच्या. पाहुणा परत आला तर त्याची खोली लावलेलीच. ‘निपटून काढा’ म्हटले, तरच त्याही जायच्या. पुढे आणखी एक भेद आला : मालकाने बोलावून आणलेला कोण आणि दुसऱ्याच्या निमित्ताने आलेला कोण. ज्याच्यासाठी आला तो गेला, की हाही निघायला मोकळा. ‘रेड हॅट’वाल्यांनीही अशीच आपली निराळी पद्धत बसवली, ‘विंडोज ९५’मध्येही प्रोग्रॅम काढून टाकण्यासाठी एक यादी आली. ते वर्ष १९९५ च. आमच्या पतपेढीत मात्र जुनेच विंडोज होते.

मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरात वारला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या आरंभातून वाढलेली ती चिठ्ठी आज जगातल्या असंख्य यंत्रांत रोज वाचली जाते.

आई आता नाही. तिच्या माळ्यावरचे डबे मात्र मी तसेच ठेवले आहेत. प्रत्येकावर कागद चिकटवला आहे : आत काय, कशाचे, कोणाला लागते. परवा माळा काढताना नातीने एक डबा उचलला, कागद वाचला आणि वर पाहून विचारले, “आजोबा, स्टोव्ह तर आपल्याकडे नाहीच. मग हा वायसर टाकू?”

मी म्हटले, “आता टाक.”